डास, तळहातावरचं रक्त आणि एचआयव्ही

तुम्ही लिहिलंय की थोरला भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, तुम्ही दोघं एकाच खोलीत झोपता, परवा रात्री डास मारला तर तळहातावर रक्ताचा डाग पडला आणि तेव्हापासून तुमच्या डोळ्याला डोळा नाही. त्या डागातून तुम्हाला काहीही होणार नाही. तपासणी केंद्रात बरीच वर्षं समुपदेशन केलंय मी. डासाचं विचारायला येणारी माणसं फार घाबरलेली असतात, म्हणून नीट सांगते.

डासाची सोंड म्हणजे इंजेक्शनची सुई, असं आपल्या मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात त्या सोंडेत सहा बारीक अवयव असतात. एका नळीतून मादी तिची लाळ आपल्या कातडीत सोडते (खाज सुटते ती त्या लाळेमुळे) आणि रक्त ओढते ते दुसऱ्या नळीतून. आधीच्या माणसाचं रक्त ती पुढच्याच्या अंगात ओतत नाही.

मग मलेरिया कसा होतो? हे प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवं. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, लाळग्रंथीपर्यंत पोचतो आणि लाळेवाटे आपल्यात उतरतो. डेंग्यूचा विषाणूही त्याच वाटेने येतो. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लागतात, त्या डासात नसतातच. प्यालेल्या रक्ताबरोबर तोही पचून जातो. सोंडेला बाहेरून चिकटलेलं रक्त म्हणाल, तर ते लागण व्हायला अगदीच अपुरं. ढेकूण, उवा, पिसवा यांच्याही चावण्याने एचआयव्ही होत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या बेल ग्लेड गावात १९८०च्या दशकात एड्सचे रुग्ण फार निघाले, तेव्हा डासांवरच संशय गेला होता. तपास झाला. डास लहानथोर सगळ्यांनाच चावत होते, पण दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणि साठीपुढच्या माणसांत लागण सापडली नाही. लागण पसरली होती शारीरिक संबंधांतून आणि नशेच्या सुयांमधून.

खऱ्या वाटा मोजक्याच आहेत. रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून विषाणू जातो. म्हणजे निरोधाशिवाय संबंध, एकमेकांची सुई वापरणं, न तपासलेलं रक्त, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला. एचआयव्ही असलेल्या माणसाला वापरलेली सुई चुकून टोचली तरी धोका हजारात साधारण ३ इतकाच असतो. तरीही तेव्हा ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, डॉक्टर गाठून २८ दिवसांची औषधं सुरू करायची. यात मात्र टाळाटाळ नको. थुंकी, घाम, अश्रू, शिंक, संडास, मिठी यांतून एचआयव्ही होत नाही.

भाऊ एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या नियमित घेतात, हे तुम्हीच लिहिलंय. गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. मग शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्या तुम्हाला कुठून जाणार?

मच्छरदाणी जरूर लावा, डेंग्यू-मलेरियासाठी. आणि भावाचं ताट-वाटी तुम्ही आठ दिवसांपासून वेगळी ठेवलीये ना, ती आज रात्रीच्या जेवणाआधी बाकीच्या भांड्यांत ठेवा. त्यांच्या ते लक्षात आलेलं असणार.