मनातलं बोलता येत नसेल तर स्वतःचं चित्र काढून ते बाहेर येतं का?

तुम्ही विचारलंय की दुःख कुणाला सांगता येत नाही, आणि स्वतःचा चेहरा रंगवायला बसलं की तोही शांतच येतो. मग आतलं चित्रात आणायचं कसं? येतं आणता. मला कसं आलं ते सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमची बैलजोडी विकावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. कुणी विचारलं की "ट्रॅक्टरनं सोयीचं पडते" म्हणायचो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारी बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" ऐकू येत होतं, आणि आमची दावण रिकामी. मी आरसा खिडकीत टेकवला, ड्रॉइंग शीट घेतली आणि स्वतःला रंगवायला बसलो.

डोळे जमले, नाक जमलं. तोंड काही जमेना. पाच-सहा वेळा ओल्या फडक्यानं पुसलं, कागदाचं तिथं साल निघालं. मग आरशात नीट पाहिलं तेव्हा कळलं, मी दात आवळून बसलो होतो. कानाखाली जबड्यावर गाठ उठली होती. ती गाठ रंगवली. शिंगांसाठी आणलेला लाल रंग डब्याच्या तळाशी उरला होता, तो बोटानं तिथंच लावला. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "हे तं तुह्या बाबाचं तोंड हाय."

म्हणून सांगतो, रडका चेहरा काढू नका. दुःख जिथं दाबून धरलंय ती जागा शोधा. जबडा, मान, खांदे, स्वतःच हात फिरवून बघा. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो १९२५ साली बसच्या अपघातात जबर जखमी झाली आणि अंथरुणात पडल्या पडल्या, वर लावलेल्या आरशात बघून स्वतःला रंगवू लागली. तिचं १९४४ सालचं 'द ब्रोकन कॉलम' मोबाइलवर मोठं करून पाहा. गालांवर आसवं आहेत, पण चेहरा ताठ. सगळी वेदना अंगात ठोकलेल्या खिळ्यांत आणि मागच्या भेगाळलेल्या जमिनीत. मला तर ती जमीन पाहून मे महिन्यातलं आमचं काळं वावरच आठवलं.

एक जागा पुन्हा पुन्हा पुसली जात असेल तर जाऊ द्या. कागद खराब झाला तरी तोच ठेवा, नवा घेऊ नका. माझा कपाटात आहे. बाबांना अजून दाखवला नाही. या पोळ्याला दाखवीन म्हणतो.