थंडीतला मॅरेथॉनचा सराव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहाटे गारठा असतो म्हणून जाड सुती स्वेटशर्ट घालून निघतो. चौथ्या किलोमीटरला घामाघूम होतो आणि परतताना हुडहुडी भरते. नेमके किती कपडे घालावेत?

हुडहुडी भरते ती अंगावरच्या ओल्या कापडामुळे. सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं. ओलं कापड अंगाला चिकटलं, त्यावर वारा लागला, की शरीराची ऊब भराभर निघून जाते. तेव्हा आधी तो स्वेटशर्ट बाजूला ठेवा. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट हवा.

कपड्यांचा हिशोब असा करा : बाहेर आहे त्यापेक्षा 10 अंश जास्त तापमान आहे असं समजून कपडे घाला. बाहेर 5 अंश असेल, तर 15 अंशांत फिरायला जाताना जे घालाल तेच. दाराबाहेर पडल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. उंबरठ्यावरच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. 5 ते 10 अंशांत बहुतेकांना पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट आणि पातळ हातमोजे पुरतात. शून्याच्या आसपास दुसरा थर, कानटोपी आणि लांब टाइट्स. वारा असेल तर वरून वारा अडवणारं पातळ जॅकेट. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, संथ असतो, अंगात उष्णता कमी तयार होते, म्हणून त्या दिवशी थोडे जास्त कपडे चालतील. टेम्पोच्या, म्हणजे सलग वेगात धावायच्या दिवशी कमी.

जॅकेटची चेन घाम फुटण्याआधी खाली ओढायची. मानेमागे ओल लागली, म्हणजे उशीर झाला. शिवाय जाताना वाऱ्याला तोंड देत जा आणि परतताना वारा पाठीशी घ्या. अंग ओलं आणि पाय दमलेले असताना समोरून वारा आला, तर कितीही चांगले कपडे असोत, कुडकुडायला होतंच. घरी पोहोचल्यावर ओले कपडे आधी बदला, स्ट्रेचिंग मागाहून.

प्रश्न : थंड हवेने फुप्फुसं गोठतात का? धावून आल्यावर खोकल्याची उबळ येते.

गोठत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका हवा वाटेतच गरम आणि दमट करतात. मात्र थंड हवा कोरडी असते. जोरात श्वास घेताना श्वासनलिकेच्या अस्तरातला ओलावा कमी होतो आणि खोकला येतो. नाका-तोंडावर पातळ गळपट्टी ओढून घ्या. आपल्याच उच्छ्वासाची ऊब आणि दमटपणा तिच्यात साठतो. ती भिजली की फिरवून कोरडी बाजू पुढे आणा. पहिले दोन-तीन किलोमीटर नाकाने श्वास घेता येईल इतकेच हळू धावा.

धावणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत छातीत शिट्टी वाजत असेल किंवा छाती आवळल्यासारखी होत असेल, तर ते व्यायामाने श्वासनलिका आकुंचन पावण्याचं लक्षण असू शकतं. त्यावर औषधं आहेत. अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि वारा पडलेल्या धुरकट पहाटे तर जाऊच नका. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकलेला असतो आणि धूर त्यातच कोंडतो. ऊन तापल्यावर निघालेलं बरं.

प्रश्न : पहिल्या किलोमीटरला पोटऱ्या आखडतात. वॉर्म-अप म्हणून बाहेर उभं राहून स्ट्रेचिंग करते.

थंड स्नायू ताणून धरल्याने गरम होत नाहीत. वॉर्म-अप घरातच करा : दोन मिनिटं जागच्या जागी चालणं, प्रत्येक पायावर 15 वेळा टाच उचलणं, 10 लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पाय पुढेमागे 12 झोके. मग लगेच बाहेर पडा आणि पहिले दोन किलोमीटर नेहमीच्या पेसपेक्षा, म्हणजे वेगापेक्षा, दर किलोमीटरला मिनिटभर हळू धावा.

बुटांकडेही बघा. तळव्यातला ईव्हीए नावाचा मऊ फोम गारठला की कडक होतो. रात्रभर गॅलरीत राहिलेला बूट अंगठ्याने दाबून पाहा, फरक हाताला कळतो. बूट घरात ठेवा. ओले झाले असतील तर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोनेक तासांनी बोळे बदला. हीटरजवळ ठेवू नका, डिंक सुटतो.

प्रश्न : थंडीत तहानच लागत नाही. लाँग रनला पाणी नेलं नाही तर चालेल?

नाही. थंडीत रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे ओढलं जातं, त्यामुळे तहान मंदावते आणि लघवीही जास्त होते. घाम मात्र येतच असतो, कोरड्या हवेत उडून जातो म्हणून दिसत नाही. एकदा धावण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी भरलं, तर साधारण एक लिटर पाणी गेलं. 60 किलोच्या माणसाचं 1.2 किलोपेक्षा जास्त घटत असेल तर पिणं कमी पडतंय. बाटली जॅकेटच्या आत ठेवा. पाठीवरची पाण्याची पिशवी असेल तर घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकला, नाहीतर आधी नळीच गोठते. धावताना ऊर्जेसाठी घ्यायचं जेलही गारठ्यात घट्ट होतं, ते हातमोज्यात तळहाताला लागून ठेवा.

प्रश्न : रस्ता निसरडा असल्याने रविवारचे 28 किलोमीटर बुडाले. पुढच्या आठवड्यात दोन लाँग रन करू का?

करू नका. एक लाँग रन चुकल्याने 42.195 किलोमीटरची तयारी ढासळत नाही, पण एका आठवड्यात दोन केले तर पोटरी किंवा टाचेमागची शीर दुखावू शकते. मंगळवारी-बुधवारी रस्ता कोरडा असेल तर त्यातले 16-18 किलोमीटर करा आणि त्या आठवड्यातला वेगाचा सराव वगळा. पुढच्या रविवारी वेळापत्रकात जे असेल ते, जास्त काही नाही. निघायलाच लागलं, तर निसरड्यावर पावलं आखूड टाका, पाय शरीराच्या खालीच पडू द्या आणि पेस विसरून नुसता वेळ मोजा.