अलास्कातील कॅटमाय: ज्वालामुखीचा प्रदेश आणि रानातील अस्वले एकाच दिवशी पाहता येतात का?

आपण विचारले आहे की, पुढच्या जुलैमध्ये आपण पासष्टी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन अँकोरेजला येणार आहात, हाताशी एकच मोकळा दिवस आहे, तर मार्गदर्शकाबरोबरच्या एका दिवसाच्या सहलीत कॅटमायचा ज्वालामुखीचा प्रदेश आणि तेथील मोकळी अस्वले दोन्ही पाहून होतील का, आणि आईवडिलांना घेऊन हे करणे सुरक्षित आहे का. दोन्ही एका दिवसात पाहता येतात. मात्र तो दिवस उद्यानातल्या ब्रुक्स कॅम्प या मुक्कामाच्या जागी उजाडला पाहिजे, अँकोरेजला नव्हे. मी सिएटलला राहते. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अडुसष्ट वर्षांच्या माझ्या आईला घेऊन मी तेथे गेले होते, त्या अनुभवावरून आणि त्यानंतर केलेल्या वाचनावरून हे लिहीत आहे.

कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात जाणारा रस्ता नाही. अँकोरेजहून सुमारे ४६५ किलोमीटरवरच्या किंग सॅमन या लहानशा गावापर्यंत नेहमीचे विमान जाते, आणि तेथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने वीसएक मिनिटांत नाकनेक सरोवराच्या काठी ब्रुक्स कॅम्पला पोहोचता येते. ज्वालामुखीच्या खोऱ्याकडे जाणारी बस ब्रुक्स कॅम्पवरून सकाळी नऊच्या सुमारास निघते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास परतते. अँकोरेजहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या प्रवाशाच्या वेळापत्रकात ही बस बसतच नाही. शिवाय आमच्या बाबतीत पहिल्याच दिवशी धुके उतरले आणि किंग सॅमनहून सकाळी निघायचे छोटे विमान दुपारी निघाले. तेथे हे नित्याचेच आहे. आमच्या हाती दोन रात्रींचा मुक्काम होता म्हणून काही बिघडले नाही. तेवढा एकच दिवस असता तर अर्धी सहल विमानतळावरच्या बाकावर झाली असती.

विमानातून उतरताच प्रत्येकाला उद्यानाच्या रेंजरकडून अस्वलांबाबतचे धडे घ्यावे लागतात. अस्वलापासून किमान ४५ मीटर अंतर राखायचे, कधीही पळायचे नाही, झाडीतून जाताना बोलत आणि टाळ्या वाजवत जायचे, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून कोठेही काहीही खायचे नाही. पाण्याखेरीज कोणतेही पेय किंवा च्युइंगगमसुद्धा वाटेवर चालत नाही. आईच्या पर्समध्ये आवळासुपारीची डबी होती आणि पिशवीत घरचा चिवडा. रेंजरने अत्यंत नम्रपणे दोन्ही खाद्यपदार्थांच्या कोठीत ठेवायला लावले, आणि तसे का करायचे हेही नीट समजावून सांगितले. माणसाजवळ खाणे असते हे अस्वलाला एकदा कळले की ते माणसाच्या मागे लागते, आणि मग शेवटी त्या अस्वलालाच मारण्याची वेळ येते. धडे संपल्यावर प्रत्येकाला अस्वलाचे चित्र असलेली एक लहानशी पिन मिळते. आईने ती परतीच्या प्रवासापर्यंत स्वेटरवरून काढली नाही.

आता मधल्या दिवसाविषयी सविस्तर सांगते, कारण आपल्याला हवा तो दिवस नेमका तोच.

बस ३७ किलोमीटर कच्च्या रस्त्याने, वाटेतले ओढे ओलांडत जाते. बरोबर रेंजर असतो. दोन्ही बाजूंना स्प्रूसची आणि बर्चची गर्द झाडी असते, आणि शेवटच्या चढावर ती झाडी मागे सरून समोर एकदम काहीही नसलेला प्रदेश उघडतो. त्या ठिकाणी एक लहान लाकडी घर आहे, त्याच्या ओट्यावरून संपूर्ण दृश्य दिसते. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले ते खोरे फिकट गुलाबी, पिवळसर आणि राखाडी रंगाचे आहे, आणि त्याच्या तळाशी नद्यांनी राखेत चिरलेल्या अरुंद, खोल घळी आहेत. याचे नाव दहा हजार धुरांचे खोरे. धूर मात्र तेथून आता एकही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या बसमधील निम्मे लोक कॅमेरे सरसावून वाफा शोधत होते आणि त्या दिसत नाहीत म्हणून हिरमुसले. धूर का नाहीत ही या जागेची सर्वांत सुरेख गोष्ट आहे, आणि ती माहीत असेल तर समोरचे ओसाड खोरे मनात जिवंत होते.

६ जून १९१२ रोजी येथे जो उद्रेक सुरू झाला तो सुमारे साठ तास चालला. विसाव्या शतकातील जगातला तो सर्वांत मोठा उद्रेक. १९८० साली वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीतून जेवढा शिलारस बाहेर पडला त्याच्या सुमारे तीसपट येथून पडला. त्याचा आवाज १२०० किलोमीटरवरच्या जूनो शहरात ऐकू गेला. दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोडियाक बेटावर जवळजवळ तीन दिवस असा अंधार पसरला की हात लांब करून धरलेला कंदीलही दिसेना. आसपासच्या गावांतील अल्युटिक या मूळ रहिवाशांना घरे कायमची सोडावी लागली. कॅटमाय आणि डग्लस या गावांतील लोकांनी दूर पेरीव्हिल हे नवे गाव वसवले, आणि सावोनोस्कीचे लोक नाकनेक नदीकाठी गेले.

चार वर्षांनी, १९१६ साली, रॉबर्ट ग्रिग्ज हा वनस्पतिशास्त्रज्ञ नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या मोहिमेवर खिंड ओलांडून या खोऱ्याच्या माथ्यावर आला, तेव्हा त्याला दृष्टी पोहोचेल तेथवर जमिनीतून वाफांचे खांब उठताना दिसले, आणि त्याने हे नाव दिले. आपल्याला यलोस्टोनच्या तोडीचा उष्ण झऱ्यांचा प्रदेश सापडला आहे आणि तो असाच धुमसत राहील, असे त्या वेळी वाटले. प्रत्यक्षात उष्णता खालून येतच नव्हती. तप्त राखेचा लोंढा खोऱ्यात उतरून काही ठिकाणी दोनशे मीटरपर्यंत साचला होता, त्याखाली ओढे, झरे आणि बर्फ गाडले गेले होते, आणि त्यांचेच पाणी वाफ होऊन भेगांतून वर येत होते. राख जशी निवत गेली तसे धूरही विझत गेले, आणि १९३० च्या दशकापर्यंत ते बहुतेक संपले. चुलीतला विस्तव काढून घेतल्यावरही राखेत बराच वेळ धग राहते, तसेच हे घडले. फरक इतकाच की ही धग वर्षानुवर्षे टिकली.

दुसरा गैरसमज याहून अधिक काळ चालला. कॅटमाय पर्वताचा माथा नाहीसा होऊन तेथे एक प्रचंड कुंड पडले होते, तेव्हा उद्रेक तेथेच झाला असे सर्वांनी धरून चालले. राखेचे थर कोठे जाड आणि कोठे पातळ आहेत हे मोजत गेलेल्या गार्निस कर्टिस या भूशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले की, राख कॅटमायमधून आलेलीच नव्हती. ती दहा किलोमीटर अलीकडच्या नोवारुप्ता नावाच्या मुखातून बाहेर पडली. कॅटमायच्या पोटातील शिलारस जमिनीखालून तिकडे ओढला गेला, आणि खालचा आधार गेल्यामुळे पर्वताचा माथा आत खचला. नोवारुप्ताच्या मुखावर आज लाव्ह्याचा जेमतेम ६५ मीटर उंचीचा एक घुमट आहे. बसच्या सहलीत तेथवर जाता येत नाही. त्यासाठी पाठीवर बिऱ्हाड घेऊन खोऱ्यात मुक्काम करावा लागतो.

बसमधील ज्यांना चालायचे असते त्यांना रेंजर खोऱ्याच्या तळापर्यंत, उकाक धबधब्याकडे घेऊन जातो. जाऊन-येऊन पाचएक किलोमीटर होतात, आणि परतताना अडीचशे मीटरच्या आसपास चढ चढावा लागतो. आई वरच्या घराच्या ओट्यावर बसून राहिली, आणि मला वाटते आपल्या आईवडिलांनीही तेच करावे, कारण विस्तार वरूनच कळतो. मी खाली उतरले. तळाशी मुठीएवढा एक दगड उचलला आणि हात आपोआप वर गेला, इतका तो हलका होता. टाचा घासायच्या वज्रीसारखा खरखरीत, आत भाकरीला पडतात तशा असंख्य पोकळ्या. हाच तो प्यूमिस, वायूने फुगलेला आणि तसाच थिजलेला शिलारस. पाण्यात टाकला तर तरंगतो. माझे बालपण पुण्याला, सिंहगडाच्या वाटा तुडवत गेले, त्यामुळे ज्वालामुखीचा दगड म्हणजे काळा, जड, ठोकला तर खणखणणारा असेच डोक्यात पक्के बसलेले होते. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट पातळ लाव्हा थरांवर थर वाहून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. येथील शिलारस मात्र घट्ट आणि वायूने भरलेला, त्यामुळे तो वाहिला नाही, फुटला. दगड होता तेथेच परत ठेवला. उद्यानातून काहीही बरोबर न्यायचे नाही, असा नियमच आहे. वारा असेल तर डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला रुमाल हवा, कारण शंभर वर्षांपूर्वीची ती राख आजही उडते.

साडेचारला ब्रुक्स कॅम्पला परतलो, चहा घेतला आणि अस्वले पाहायला ब्रुक्स नदीवरच्या धबधब्याकडे निघालो. जुलैमध्ये तेथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो, म्हणून हे जमते. ब्रुक्स नदी लांबीला जेमतेम अडीच किलोमीटर आहे. २०१९ पासून तिच्यावर उंच पूल आहे, तो ओलांडून झाडीतून जावे लागते, एकूण अंतर दोनएक किलोमीटर. शेवटी जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी वाटेवरून धबधब्यासमोरच्या मचाणावर पोहोचतो. मचाणावर एका वेळी चाळीसच माणसांना प्रवेश असतो, गर्दी असेल तर रेंजर नावे लिहून घेतो आणि पाळीपाळीने सोडतो. आम्हाला पाऊण तास थांबावे लागले.

धबधबा उंचीने फक्त सहा फुटांचा आहे. त्याच्या काठावर एक तपकिरी अस्वल पाण्यात पाय रोवून, मान खाली घालून, इतके निश्चल उभे होते की आई म्हणाली, "अगं, हा पुतळा आहे का?" तेवढ्यात एक सॅमन मासा पाण्यातून उसळला आणि त्या अस्वलाने जबडा बाजूला वळवून तो हवेतच धरला. हाड मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. खालच्या फेसाळत्या डोहात एक अगडबंब नर पाण्यात बूड टेकून बसला होता आणि पंजांनी तळाशी मासे चाचपत होता. त्याची जागा दुसरे कोणीही घेत नव्हते. एक तरुण अस्वल दोनदा जवळ आले आणि दोन्ही वेळा त्याने नुसते डोके फिरवताच मागे सरले. मासे मुबलक असले की अस्वले पूर्ण मासा खात नाहीत, कातडी, मेंदू आणि अंडी असा चरबीचा भाग तेवढा खाऊन उरलेले सोडतात, आणि त्यावर समुद्रपक्षी तुटून पडतात. हिवाळाभर काहीही न खाता झोपण्यासाठी लागणारी चरबी या काही महिन्यांतच साठवायची असते. पिलांच्या आया सहसा मोठ्या नरांपासून लांब, नदीच्या खालच्या अंगाला राहतात. परतताना पुलावरून आम्हाला एक मादी आणि झाडावर चढवून ठेवलेली तिची दोन पिले दिसली.

आपण हे दोन वेगळे देखावे म्हणून विचारले आहेत, पण त्यांचा संबंध फार जवळचा आहे. १९१८ साली या प्रदेशाला संरक्षण मिळाले ते ज्वालामुखीसाठी. अस्वलांचा त्यात विचार नव्हता. १९३१ साली तपकिरी अस्वले आणि मूस ही मोठी हरणे यांना जागा मिळावी म्हणून ते क्षेत्र दुपटीहून अधिक वाढवले गेले, आणि ब्रुक्स नदीचा परिसर त्यातूनच आत आला. १९८० साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. आज तेथे दोन हजारांहून अधिक अस्वले आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की आधी खोरे पाहावे आणि मग नदी. सकाळी ज्या जमिनीवर गवताचे पातेही दिसत नाही ती पाहून संध्याकाळी त्या गजबजलेल्या पाण्यापाशी उभे राहिले की मनावर होणारा परिणाम उलट क्रमाने होत नाही.

सुरक्षिततेबद्दल आपली काळजी रास्त आहे. मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेच्या परिसरात अस्वलाची दहशत काय असते हे तेथील लोकांकडून मी ऐकले आहे, आणि आईच्या मनातही तीच भीती होती. तपकिरी अस्वल त्याहून कितीतरी मोठे असते, जुलैत मोठा नर तीनशे किलोच्या पुढे भरतो. याच उद्यानाच्या समुद्रकाठच्या एकाकी भागात २००३ साली अस्वलाने दोन माणसांचा बळी घेतला. ब्रुक्स कॅम्पला मात्र अस्वलांचे पोट मासे भरतात, माणसे ठरलेल्या वाटांनीच चालतात आणि रेंजर सतत लक्ष ठेवून असतात. पुलाच्या तोंडाशी अस्वल येऊन बसले तर ते आपणहून उठेपर्यंत सर्वांना थांबवले जाते, कधी दहा मिनिटे, कधी तासभर. आईवडिलांसाठी मला धोक्याहून या ताटकळण्याची अधिक काळजी वाटते, म्हणून घडीचे स्टूल, पावसाळी कोट आणि पाणी बरोबर ठेवा. परतीचे विमान असेल त्या दिवशी नदीच्या पलीकडे फार उशिरापर्यंत थांबू नका.

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, खर्च विमानांचा आणि मुक्कामाचा. ब्रुक्स कॅम्पवरील लॉजच्या खोल्या सोडत काढून, वर्षभराहूनही आधी दिल्या जातात. आम्हाला त्यात जागा मिळाली. विजेच्या कुंपणातल्या तंबूंच्या जागेचे आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला खुले होते आणि जुलैच्या तारखा लगेच संपतात. ऑगस्टमध्ये जाऊ नका, तेव्हा मासे विखुरतात आणि अस्वलेही इतर ओढ्यांकडे निघून जातात. सप्टेंबरमध्ये ती परततात, चांगलीच लठ्ठ होऊन, पण तेव्हा त्यांची गर्दी धबधब्यापेक्षा नदीच्या खालच्या भागात असते. मुक्कामाची जागा मिळालीच नाही आणि खरोखर एकच दिवस उरला, तर अँकोरेजहून थेट धबधब्याची सहल घ्या आणि खोरे पुढच्या खेपेसाठी ठेवा. परंतु आधी सहलीतला दुसरा एखादा दिवस काढून कॅटमायला देता येतो का, हे आईवडिलांशी बोलून पाहा.