विचारवंतांमुळे खरंच राजकारण आणि अर्थकारण बदलतं का?

बदलतं, पण लगेच नाही. १९४७ साली अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेक यांनी मुक्त बाजारपेठेच्या बाजूचे मोजके अभ्यासक स्वित्झर्लंडमध्ये जमवले, तेव्हा त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. जमाना केन्सचा होता, म्हणजे सरकारने खर्च वाढवून अर्थव्यवस्था सावरावी असं मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञाचा. अँटनी फिशर हा ब्रिटिश गडी राजकारणात उतरायला निघाला होता. हायेकनी त्याला अडवलं: त्या नादी लागू नकोस, आधी लोकमत घडवणाऱ्यांना गाठ. मग त्याने (कोंबडीपालनात बख्खळ कमावलं हो त्याने!) १९५५ मध्ये लंडनला एक अभ्याससंस्था काढली. १९७०च्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढली, जुनी औषधं लागू पडेनात. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हा मुक्त बाजारपेठेची पर्यायी मांडणी तयारच होती. संकट आलं नसतं, तर माझ्या मते ती धूळ खात पडली असती.