पहिले उत्तर पाठ होते, दुसरे कुठून आणणार?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी मुलांची मुलाखतीची तयारी करून घेते त्या खोलीबाहेरचे बाक रिकामे राहत नाही. येणाऱ्यांपैकी बहुतेकांची काळजी कट-ऑफची असते आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. एखादे पालक मात्र आत आल्यावर दार लोटून घेतात, खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘‘मार्क पडल्यात मॅडम, पण पोरगी चारचौघांत बोलत न्हाई. मुलाखतीत काय करायचं हिनं?’’ ज्या मुलीची हकिगत येथे सांगते आहे, तिच्या वडिलांनी हेच वाक्य म्हटले होते. तिच्या परवानगीने लिहिते आहे; नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलाखतीबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो, म्हणून आधी तो दूर करते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या नेहमीच्या प्रवेशासाठी मुलाखत होत नाही. नीटचे ७२० पैकी गुण, त्यावरून लागणारा क्रम, सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्या आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या म्हणजे एमसीसीच्या फेऱ्या, असा हा सरळ मार्ग आहे. सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या आपल्या राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना ‘तू डॉक्टर का होतेस’ हे प्रवेशाच्या वेळी कोणीही विचारलेले नसते. हा प्रश्न समोरासमोर बसून विचारला जातो तो पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयासाठीही नीट द्यावीच लागते. एमसीसीच्या नोंदणीत तो पर्याय निवडावा लागतो आणि यादीत नाव आले की पुण्याला बोलावणे येते. तेथे इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्क यांची संगणकावरची एक परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. अलीकडच्या वर्षांत मुलींसाठी तेथे ३० जागा आहेत, त्यामुळे नीटमध्ये चांगले गुण मिळवून आलेल्या मुलींनाही मुलाखतीची धास्ती वाटते, हे मी समजू शकते.

ही मुलगी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची. वडिलांची थोडी ऊसशेती आहे आणि तिचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालेले. वडिलांनी पिशवीतून एक स्पायरल बाइंडिंगची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. एका क्लासने मुलाखतीच्या साठ प्रश्नांची उत्तरे टाइप करून दिली होती आणि मुलीला ती तोंडपाठ होती. क्लासचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच फाइल मी आणखी चार जणांच्या हातात पाहिली आहे.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती ताठ बसली आणि तिने ‘सिन्स माय चाइल्डहूड’पासून सुरुवात केली. पुढे २०१९ च्या महापुराचा परिच्छेद होता : पाण्याने वेढलेले गाव, जवानांची बोट, आणि त्याच क्षणी आपणही हा गणवेश घालायचा असा केलेला निश्चय. उच्चार स्वच्छ होते, एक शब्द चुकला नाही. संपल्यावर मी मराठीत विचारले, ‘‘बोटीत किती माणसं होती?’’

ती गप्प राहिली. वडील म्हणाले, ‘‘अगं, सांग की, आपण पंधराजण होतो.’’ मग ती म्हणाली, ‘‘मॅडम, मला ताप होता. मी बोटीत झोपले होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही.’’

पूर खरा होता, बोट खरी होती. त्या ऑगस्टमध्ये ती सातवीत होती आणि शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी मुलांप्रमाणे तिचेही घर पाण्याखाली गेले होते. क्लासच्या सरांनी ‘तुझ्याकडे एवढी चांगली गोष्ट आहे’ म्हणून ती लिहून दिली आणि तिनेही नाकारली नाही, कारण गोष्ट खोटी नव्हती. तरीही पहिल्याच उपप्रश्नाला ती कोसळली. मुलाखत घेणाऱ्यांनी अशी उत्तरे दिवसभरात कितीदा ऐकलेली असतील याचा विचार करा. ते पहिल्या उत्तरावर फारसे अडत नाहीत. त्या उत्तरातला एखादा शब्द उचलतात आणि त्याच्याविषयी विचारतात, आणि तेथून पुढे फाइल उपयोगी पडत नाही.

यानंतर मी जे केले तेही सांगितले पाहिजे, कारण चूक माझीही झाली. दुसऱ्या भेटीत मी तिच्याबरोबर बसून त्या उत्तराची भाषा साधी केली, बोटीचा परिच्छेद काढला आणि त्या जागी गावात डॉक्टर नसल्याचा मुद्दा घातला. आठवड्याने ती आली तेव्हा तिने माझे उत्तर पाठ केलेले होते. सरांच्या फाइलच्या जागी मॅडमची फाइल आली होती, एवढाच फरक.

त्या दिवशी मी मुलाखतीचा विषय बाजूला ठेवला आणि पुराच्या वेळी तिला नेमके काय आठवते ते विचारले. तिला छावणी आठवत होती. शाळेच्या वर्गात बाके एकावर एक रचून जागा केलेली, दारात चपलांचा ढीग, आणि एक डॉक्टर तिच्या आज्जीला विचारत होते की रोज कोणती गोळी चालू आहे. आज्जी म्हणाली, ‘‘बारकी, पांढरी.’’ डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या पांढऱ्या गोळ्या हातावर काढून दाखवल्या आणि आज्जीने तिन्हींकडे बघून मान हलवली. घरात कोणालाच गोळीचे नाव माहीत नव्हते, कागद पुरात गेले होते. ‘‘मला लई लाज वाटली,’’ ती म्हणाली. पाणी उतरून घरी गेल्यावर तिने शंभर पानी वहीत आज्जीच्या गोळ्यांची नावे लिहून ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. कव्हरवर सातवीचे वेळापत्रक, आत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, सकाळ, रात्र, आणि आशाताईंनी ब्लड प्रेशर मोजले असेल तर तो आकडा. साखरेची मेटफॉर्मिन ५००, प्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन ५. मधेच एका पानावर निळ्या पेनाने ‘पाय सुजले’ असे लिहिलेले, चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि त्याखाली रेघ. प्रेशरची नवी गोळी चालू झाल्यापासून आज्जीचे घोटे सुजतात असे तिच्या लक्षात आले होते. घरचे म्हणत होते की वयोमानाने होते. ती वही घेऊन आज्जीबरोबर दवाखान्यात गेली, डॉक्टरांनी तारखा पाहिल्या आणि गोळी बदलून दिली. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांचे पाय सुजतात हे वैद्यकशास्त्रात सर्वज्ञात आहे, परंतु नववीतल्या मुलीने ते तारखांवरून ओळखले होते. ‘‘हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?’’ असे मी विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘ते काय सांगायचं मॅडम, घरातलं आहे.’’

या मुलीशी नंतर जे काम केले ते या वहीभोवती झाले. कोणतेही उत्तर लिहून काढायचे नाही, हा एकच नियम मी घातला. ती एक गोष्ट सांगे आणि मी तिच्यावर तीन प्रश्न विचारी : गोळी बदलल्यावर प्रेशर वाढले का? आज्जी गोळी चुकवते तेव्हा तू काय करतेस? तू चुकीची असतीस तर? तिसऱ्या प्रश्नाला ती बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली की म्हणूनच तिने स्वतः गोळी बंद केली नाही. मला हवे होते ते हेच थांबणे. फाइलमधून बोलताना ती एकदाही थांबली नव्हती.

इंग्रजीची भीती खरी होती आणि ती गोड बोलून जाण्यासारखी नव्हती, कारण पुण्याला इंग्रजीची वेगळी परीक्षाच असते. वाचन आणि व्याकरणाचा सराव तिने स्वतः केला. त्यात मी फार काही केले नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र एक सवय मोडावी लागली. ती मराठीतले लांब वाक्य मनात तयार करी आणि ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवायला जाई, त्यामुळे कर्त्यापाशी निघालेली गाडी क्रियापदापर्यंत पोहोचतच नसे. आम्ही चार-पाच शब्दांच्या वाक्यांवर आलो. पहिल्या दिवशी ‘लेग्ज बिकेम फॅट’ असे ती म्हणाली आणि मी ते तसेच राहू दिले. ‘स्वेलिंग’ हा शब्द तिला येत होता; घाबरल्यावर आठवत नव्हता, इतकेच. भीती उतरली तसा तो आपोआप परत आला.

दुसरी सवय अधिक घातक होती. माहीत नसलेल्या प्रश्नाला गप्प राहणे म्हणजे नापास होणे, असे तिला क्लासमध्ये सांगण्यात आले होते. म्हणून मी तिला मुद्दाम विचारले, ‘‘सियाचीनमधल्या जवानांना कोणते आजार होतात?’’ तिने क्षणाचाही विलंब न लावता ‘मलेरिया’ असे उत्तर दिले. नंतर स्वतःच हसली. त्या बर्फात डास कुठून येणार! आम्ही हा प्रश्न पुन्हा घेतला. ‘‘मला नक्की माहीत नाही, पण तिथे ऑक्सिजन कमी आहे आणि थंडी फार आहे, म्हणजे फुप्फुसांचा आणि हातापायांच्या बोटांचा त्रास होत असावा,’’ असे ती म्हणाली. उंचीवर फुप्फुसात पाणी साचणे आणि हिमदंश हे तेथील खरे धोके आहेत, तेव्हा नावे ठाऊक नसतानाही ती त्यांच्या दाराशी पोहोचली होती.

ब्रिटन किंवा कॅनडात अर्ज करणाऱ्या मुलांनाही मी याच रीतीने तयार करते. तेथील अनेक महाविद्यालयांत एकाच मोठ्या मुलाखतीऐवजी काही मिनिटांच्या लहान लहान मुलाखतींची फेरी असते आणि दर टप्प्यावर परीक्षक वेगळा असतो; कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून ही पद्धत पुढे आली. त्यात पाठांतर आणखी लवकर उघडे पडते.

एक गोष्ट उरली होती आणि माझ्या मते तीच सर्वांत जड होती. पुण्याच्या या महाविद्यालयात शिकणाऱ्यांवर पुढे सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करण्याचे बंधन असते. शिरोळ तालुक्याला सैन्य नवे नाही. सैनिक टाकळीसारख्या गावाच्या तर नावातच सैनिक आहे. परंतु घरातला मुलगा भरती होणे आणि मुलगी कुठल्याशा सीमेवरच्या रुग्णालयात बदली होऊन जाणे, या दोन गोष्टी घरात एकसारख्या तोलल्या जात नाहीत. मी वडिलांना बाहेर बसवून तिला विचारले की घरी हे बोलणे झाले आहे का. ‘‘कुणी विचारलंच नाही,’’ ती म्हणाली. मग तिला बाहेर पाठवून वडिलांना विचारले. ते म्हणाले, ‘‘आधी नंबर लागू दे की मॅडम. मग बघू.’’

मी त्यांना सांगितले की ‘मग बघू’ हे तिच्या चेहऱ्यावर दिसेल. घरच्यांना काय वाटते असा प्रश्न आला की ती वडिलांची बाजू सांभाळत उत्तर देऊ लागेल आणि ते उत्तर लटपटेल. दोघे घरी गेले. त्या रात्री स्वयंपाकघरात काय झाले ते मला पुढच्या भेटीत तिच्याकडूनच कळले : आई रडली, वडील गप्प बसले, आणि आज्जी म्हणाली, ‘‘जाऊ दे की तिला. पुरात कोण आलं हुतं आपल्याला न्यायला?’’ बोटीची गोष्ट तिला अखेर अशा रीतीने परत मिळाली, आणि ती आज्जीच्या तोंडची होती.

पुण्याला जाण्यापूर्वीच्या बाकीच्या सूचना दोन मिनिटांत संपल्या : कागदपत्रांच्या मूळ प्रती एका फोल्डरमध्ये, आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम, नवी चप्पल घालायची नाही.

मुलाखत संपल्यावर तिने फोन केला. वहीचा विषय निघाला होता आणि एका परीक्षकांनी विचारले होते की आज्जीने गोळी घ्यायचीच नाही असे ठरवले तर तू काय करशील. आम्ही हा प्रश्न कधी घेतला नव्हता. ‘‘मी म्हणाले, ‘सर, शी रिफ्यूजेस एव्हरी डे,’ आणि ते सगळे हसले मॅडम.’’ त्यानंतरचे उत्तर तिला नीट आठवत नव्हते.

अंतिम यादीत तिचे नाव लागले नाही. राज्याच्या फेरीत तिला एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली, जेथे तिला कोणी काही विचारले नाही. गोळ्यांची वही आता धाकटा भाऊ लिहितो. रविवारी ती घरी फोन करून त्याच्याकडून आठवड्याचे आकडे वाचून घेते, आणि त्याने दोन दिवस कोरे सोडले असतील तर दोघांचे भांडण होते.