गावात चर्च नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण मुलांसोबत कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गावात पाच-सहाच कॅथलिक घरं आहेत, फादर महिन्यातून एकदा येतात आणि ४ ऑक्टोबरला, सृष्टीला भावंड मानणाऱ्या या इटलीतल्या संताच्या सणाला, मुलांसाठी काही करायचं आहे. सकाळी सातला पांधणीने, म्हणजे शेतांमधल्या वाटेने, रोझरीची (जपमाळेच्या प्रार्थनेची) फेरी काढा.

चालता चालता मात्र रोझरी म्हणू नका. पांधण अरुंद, रांग लांबते, पुढचं मागच्याला ऐकू येत नाही आणि नमो मरिया या प्रार्थनेचा उत्तरार्ध कोणी उचलतच नाही. आधीच पाच झाडं ठरवा: कडुनिंब, बाभूळ, पळस, बोर, उंबर, जे असेल ते. एकेका झाडाखाली थांबून एक दशक, म्हणजे दहा नमो मरिया, म्हणा. लहान मुलं माळेचे मणी चुकवतात. त्यांना दहा चिंचोके द्या, दर नमो मरियाला एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. दोन झाडांच्या मधे गप्प चालायचं आणि पुढच्या झाडाखाली प्रत्येकाने ऐकलेला एक आवाज सांगायचा. शेजारची हिंदू, बौद्ध मुलं येत असतील तर येऊ द्या. प्रार्थना त्यांच्यावर लादू नका, झाडा-पाखरांची नावं सांगायचं काम त्यांना द्या.

आदल्या संध्याकाळी विचारून घ्या, कुठे फवारणी झाली आहे. त्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) बाजूने मुलं नेऊ नका. गवत ओलं आणि उंच असतं, सापाचं भय. पायात बूट, पुढे काठी घेतलेला मोठा माणूस हवाच.

पाखरांसाठी पाण्याचं परळ बरेच जण याच दिवशी टांगतात. माझ्या मते त्याची खरी गरज मार्चपासून. दोन-तीन इंच खोल परळ घ्या, मधे दगड ठेवा, नाहीतर मधमाश्या बुडतात. पाणी रोज बदला, डास होतात.

शेवटच्या झाडाखाली फ्रान्सिसचं सृष्टिगीत वाचा. १२२५ च्या सुमाराचं आहे. डोळ्यांच्या दुखण्याने उजेडही सोसत नव्हता, तेव्हा त्याने सूर्याला भाऊ म्हटलं, पाण्याला बहीण. क्षमा करणाऱ्यांचं कडवं त्याने नंतर जोडलं, असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांचं भांडण मिटावं म्हणून. हे कडवं गाळू नका. आपल्याकडे धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, सख्खे भाऊ बोलेनासे होतात. असं घर तुमच्यात असेल तर शेवटचं झाड त्याच धुऱ्यावरचं निवडा, पण दोघांनाही आधी भेटून विचारा. एकाने जरी नाही म्हटलं, तरी मुलांसमोर तो विषय काढू नका.