लिनक्सवरचा जीनोम डेस्कटॉप टर्मिनलवरून हवा तसा करायला कोणती टूल्स वापरावीत? माऊसने सेटिंग्ज बदलायचं ट्वीक्स हे अ‍ॅप असताना स्क्रिप्ट लिहिण्यात अर्थ आहे का?

आहे. हाच प्रश्न शेजारच्या खुर्चीवरून मी तीन वर्षं ऐकलाय, त्यामुळे उत्तर लांबणार.

जीसेटिंग्ज आणि डीकॉन्फ, म्हणजे जीनोमच्या सेटिंग्ज बदलायच्या दोन कमांड, तुम्हाला माहीत असतीलच. जीसेटिंग्ज की-चं (प्रत्येक सेटिंगच्या नोंदीचं) नाव आणि प्रकार तपासून घेतं. डीकॉन्फ मात्र द्याल ते मुकाट्याने लिहून मोकळं होतं. मी अर्थातच डीकॉन्फवाला.

एका एक्स्टेन्शनच्या (डेस्कटॉपला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) सेटिंग्ज पुसून नव्याने भरायला मी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. त्यात डीकॉन्फ रीसेट, जोडीला -एफ (त्या पाथखालचं सगळं पुसायला), पुढे व्हेरिएबलमधून येणारा पाथ आणि शेवटी एक स्लॅश. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला त्याचं सुखदुःख नाही, नसलेलं व्हेरिएबल त्याच्या लेखी रिकामं. मग पाथ म्हणून उरला नुसता स्लॅश. म्हणजे सगळंच.

एंटर दाबलं आणि ज्या टर्मिनलमध्ये दाबलं त्याचाच रंग डोळ्यांदेखत बदलला. फाँटही. डार्क थीम गेली, वरच्या पट्टीतली एक्स्टेन्शन्स गुल झाली. कॅप्स लॉकचं मी कंट्रोल करून घेतलं होतं, ते परत कॅप्स लॉक झालं. म्हणजे घाबरून कंट्रोल-सी मारायला गेलो तर मोठा सी उमटला! मराठी कीबोर्डही गायब. शेजाऱ्याने खुर्ची वळवून स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "तरी सांगत होतो, माऊसने कर."

पण अकरा दिवसांपूर्वीचा डीकॉन्फ डंप, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची प्रत, माझ्या गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) पडलेला होता. साधी टेक्स्ट फाइल. डीकॉन्फ लोड, स्लॅश, आणि ती फाइल आत ढकलली. त्याने चहाचा कप खाली ठेवायच्या आत सगळं जागच्या जागी. यावर त्याचं म्हणणं, स्क्रिप्ट नसती तर हे झालंच नसतं. बरं. मग नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा तोच गृहस्थ अर्धी दुपार शॉर्टकट एकेक करून भरत बसला होता, ते काय होतं? माऊसने केलेलं काम मशीनबरोबर जातं. माझं फाइलीत राहतं.

तर तुम्ही आधी डंप घ्या, मग प्रयोग करा. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -यू लिहा, म्हणजे नसलेल्या व्हेरिएबलवर ती तिथेच थांबेल. कुठली की बदलायची ते नेटवर शोधत बसू नका: एका टर्मिनलमध्ये डीकॉन्फ वॉच, पुढे स्लॅश देऊन चालू ठेवा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन बटण दाबा. बदललेल्या की-चा पूर्ण पाथ समोर येतो. एवढ्या एका कमांडवर माझ्या निम्म्या स्क्रिप्ट उभ्या आहेत.

आता अडचणीही सांगतो. डंपमध्ये एक्स्टेन्शनच्या सेटिंग्ज येतात, खुद्द एक्स्टेन्शन येत नाही. ते वेगळं टाकावं लागतं. स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँडवर त्यानंतर लॉगआउट करून परत यावं लागतं, लॉगआउट न करता जीनोम पुन्हा सुरू करायची ऑल्ट-एफ२ आणि आर ही युक्ती फक्त वेलँडच्या आधीच्या एक्स११ वर चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये जीनोम ४५ आलं तेव्हा एक्स्टेन्शनच्या कोडमधली इम्पोर्टची (बाहेरचा कोड आत घ्यायची) पद्धतच बदलली आणि जुनी सगळी एक्स्टेन्शन्स बंद पडली, त्याला कुठलीच स्क्रिप्ट पुरी पडली नाही. सुडो लावून जीसेटिंग्ज चालवलंत तर सेटिंग रूटची, म्हणजे अ‍ॅडमिन खात्याची बदलेल, तुमची नाही. आणि वॉलपेपर बदलणारी स्क्रिप्ट हाताने चालते पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालत नसेल, तर तिला तुमच्या सेशनच्या डीबसचा, म्हणजे प्रोग्रामना आपसात बोलायच्या वाटेचा, पत्ता मिळालेला नसतो. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा यूजर टायमर लावा, तो तुमच्याच सेशनमध्ये चालतो. डार्क मोडसाठी वॉलपेपरची की वेगळी आहे, तीही बदला.

ट्वीक्सचं राहिलंच. फाँट आणि खिडकीची बटणं एवढ्यापुरतं ठीक आहे, मीही वापरतो. शेजाऱ्याला सांगू नका.